पातेलं रिकामं करायचं नाही

कुरुमेला उतरलो तेव्हा
स्टेशनबाहेर आधी वास भेटला.
बॅग हातातच होती, मी वळून बघितलं,
कुणी ओळखीचं आलंय का म्हणून.

तोच वास.
खिडकी लावून आई जे शिजवायची त्याचा,
ज्याच्यावर उदबत्ती लावायची, एक नाही, चार,
आणि तरी मिरजेच्या शाळेत
बाकावरचा उल्हास
वही उचलून पलीकडं सरकायचा.

इथं त्या वासाखाली माणसं रांगेत उभी.
इस्त्रीच्या शर्टातली. एक म्हातारी, हातात छत्री.
नाकाला रुमाल कुणाच्याच नव्हता.

वेल्डिंगची शिफ्ट सुटली की मी तिथंच.
दुकानदार इमामुरा, मानेवर टॉवेल,
डुकराची हाडं, डोक्याची, पायाची,
घणानं फोडून टाकायचा पातेल्यात
(घण धरायची त्याची पद्धत बघून
मला खाणीतले अण्णा आठवायचे)
आणि जाळ असा की रस्सा उकळायचा नाही,
भांडायचा.
चरबी नि पाणी एकमेकांना सोडवेनासे होईपर्यंत,
निरशा दुधासारखं पांढरं होईपर्यंत.

सांगतात, आधी हा रस्सा नितळ होता.
कुणी एकजण बाहेर गेला,
आईला म्हणाला, जरा लक्ष ठेव.
आईचं लक्ष राहिलं नाही.
जाळ वाढला, सगळं पांढरं झालं.
फेकणार होता. आधी चाखलं.

खरं-खोटं इमामुरालाही माहीत नाही.
त्याचं एकच म्हणणं:
पातेलं रिकामं करायचं नाही.
कालच्यात आजचं घालायचं, आजच्यात उद्याचं.
त्यांच्यात एक शब्द आहे त्याला,
अर्थ, हाक मारून परत आणणं.
मी म्हटलं, विरजण.
त्याला कळेना. हातानं दही लावून दाखवलं.
हसला,
आणि माझ्या वाडग्यात अजून अर्धं अंडं ठेवलं.

तीन वर्षांनी कुपवाड.
अंगणात तीन दगड, बाभळीची लाकडं.
हाडं दुर्गाप्पामामानं आणून दिली,
"पैसे कसले? ही तर आम्ही कुत्र्याला टाकतो."
शेवया आत्याच्या यंत्रातून, पिठात पापडखार,
पिवळसर, सरळ, सुतळीहून बारीक.
चौदा तास.
आई दर तासाला येऊन विचारी,
"आरं, फोडणी कवा?"
द्यायची नाही.
"हळद तरी?"
नाही.
"मग आजारी हाय का कोण घरात?"

संध्याकाळी वास गल्ली ओलांडून
कॉलनीतल्या बंगल्यांकडं निघाला.
आई उठली, सवयीनं,
खिडकी लावायला.
अंगणाला कुठली खिडकी?
हात जरा वेळ हवेत राहिला तिचा,
मग पदराला पुसला.

पहिला वाडगा तिला.
ओठाला ओठ चिकटला, तशी थांबली.
"मगज," म्हणाली. "नळीतला."
अजून एक घोट.
"तुझा आजा दगडावर नळी आपटून
असाच वढायचा."
आणि उठून आत गेली,
कांदा-लसूण चटणीची बरणी घेऊन आली,
चांगला चमचाभर घातली.
चौदा तासांचं पांढरं
एका हिसक्यात लाल.
इमामुरा असता तर...
मी काही बोललो नाही.
माझ्याही वाडग्यात पडली, न विचारता.

फाटकापाशी बंगल्यातल्या कुणी बाई
"काय शिजतंय हो?" म्हणाल्या.
नाकाला पदर होता की नव्हता
अंधारात दिसलं नाही.
आईनं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं.
आमच्या बोलीत नाही, मराठीत.

रात्री ती पातेलं घासायला घेत होती.
तळाशी दोन पळ्या उरलेलं.
म्हटलं, असू दे ते.
"कशाला?"
मला तो शब्द नीट सांगता येईना.
तिनं माझ्याकडं बघितलं, पातेल्यात बघितलं,
झाकण ठेवलं,
आणि मांजर येईल म्हणून
वर वरवंटा आडवा घातला.